दम मोजला, आता पुढे काय?

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. चालणं नाही, उभं राहणं नाही. त्यानंतर मोजलं तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी पाव हिश्शाहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. वजन वाढलं होतं, चरबी वाढली होती. पण त्या तीन आठवड्यांनी दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानं त्यांच्यापैकी एकाचंही केलं नव्हतं. मग सहा महिने त्यांना चालणं, हळू पळणं, सायकल असा बेतानं वाढवत नेलेला व्यायाम दिला. त्यांची सरासरी क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परत आली.

पाच माणसांचा प्रयोग तसा लहानच. तरी फिटनेसच्या कुठल्याही चाचणीकडे कसं बघावं, हे त्यातून नीट कळतं. शरीराची क्षमता वापराप्रमाणे वर-खाली होते आणि चाचणीत दिसते ती त्या दिवसाची पातळी. हे लक्षात न घेता कुणाच्या हातात ‘खराब’ असा शेरा मारलेला कागद दिला, तर तो माणूस कागद घडी घालून ठेवतो आणि पुन्हा फिरकत नाही. चाचणी खरंच उपयोगी पडायची असेल, तर तिच्यातून पुढचं एक पाऊल निघायला हवं, आणि ते त्या माणसाला झेपणारं हवं. मोजणी कशी करायची आणि मोजल्यावर बोलायचं कसं, या दोन गोष्टी म्हणूनच मी इथे वेगळ्या करत नाही.

काय काय मोजतात

तब्येतीशी थेट जोडलेल्या फिटनेसचे साधारण पाच भाग मानले जातात: हृदय आणि फुप्फुसांचा दम, स्नायूंची ताकद, स्नायूंचा टिकाव, लवचीकपणा आणि शरीरातलं चरबीचं प्रमाण. वय वाढलेल्यांसाठी यात तोल सांभाळण्याची क्षमता जोडायलाच हवी. पाचांचं महत्त्व सारखं नाही. माझ्या मते बहुतेकांनी दम आणि ताकद यांच्याकडे आधी बघावं. वजनकाट्याकडे सगळ्यात शेवटी.

दमाचा सर्वांत पक्का आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. जिवाच्या आकांतानं पळताना शरीर एका मिनिटात, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं, ते हा आकडा सांगतो. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून, ट्रेडमिलचा वेग आणि चढ वाढवत तो मोजतात. ते खर्चिक आहे आणि सगळीकडे होत नाही, म्हणून अंदाज काढण्याच्या सोप्या चाचण्या निघाल्या. त्यातली प्रसिद्ध चाचणी अमेरिकी हवाईदलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडली: बारा मिनिटांत जमेल तेवढं अंतर कापायचं. अंतर मीटरमध्ये घ्यायचं, त्यातून ५०४.९ वजा करायचे आणि उरलेल्याला ४४.७३ नी भागायचं. कुणी १,८०० मीटर गेलं, तर उत्तर साधारण २९ येतं. २,४०० मीटर गेलं, तर ४२ च्या आसपास. ही चाचणी जवानांसाठी बनवलेली होती. ज्यांना धावायची सवय नाही, त्यांनी ती पहिल्याच दिवशी करू नये. त्यांच्यासाठी दीड-दोन किलोमीटर भरभर चालून लागलेला वेळ आणि शेवटची नाडी मोजणं, किंवा सहा मिनिटांत किती अंतर चालून होतं ते बघणं, हे जास्त सुरक्षित आहे.

पण २९ म्हणजे नेमकं काय? हे समजवायला मला मेट हे एकक फार उपयोगी वाटतं. शांत बसलेलं शरीर दर किलोमागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरतं; तो झाला एक मेट. भरभर चालायला साधारण चार मेट लागतात, ताशी आठ किलोमीटरनं धावायला आठ. २९ ला साडेतीननं भागलं की आठच्या थोडं वर येतं, म्हणजे या माणसाची कमाल क्षमता आठ मेटची. आता ज्याची कमाल क्षमता पाचच मेट आहे, त्याचा विचार करा. त्याची अवस्था पाच रुपये मिळकतीत चार रुपये भाडं भरणाऱ्यासारखी. भरभर चालण्यातच त्याची ऐंशी टक्के क्षमता खर्च होते, आणि वर हातात पिशवी असली किंवा समोर जिना आला की तो थांबतो. दहा मेटवाल्याला त्याच चालण्याला चाळीस टक्केच पुरतात आणि तो गप्पा मारत पुढे जातो. ‘हल्ली लगेच धाप लागते’ या तक्रारीमागे बरेचदा हेच गणित असतं. कमाल क्षमता वाढली की तेच रोजचं काम हलकं वाटू लागतं. धाप अचानक वाढली असेल किंवा बसल्या जागी लागत असेल, तर मात्र ते गणित वेगळं आहे आणि आधी डॉक्टरांकडे जायला हवं.

हा आकडा आयुष्याशीही जोडलेला आहे. २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ट्रेडमिल चाचणीसाठी आलेल्या ६,२१३ पुरुषांचा अभ्यास छापून आला. कमाल क्षमतेत एका मेटचा फरक पडला, की जगण्याच्या शक्यतेत १२ टक्क्यांचा फरक दिसत होता. अशा अभ्यासांमधून एक दिलासाही मिळतो. सर्वांत मोठा फायदा तळातून एक पायरी वर येणाऱ्यांना होतो. मॅरेथॉनचं स्वप्न बघण्याची गरज नाही. ‘अजिबात नाही’वरून ‘थोडंफार’वर येणं, यातच कमाईचा मोठा वाटा आहे.

ताकदीसाठी हाताची पकड मोजणारं डायनॅमोमीटर नावाचं साधं यंत्र असतं. सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांचा ‘प्युअर’ हा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात पकड पाच किलोनं कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. याचा अर्थ चेंडू दाबत बसल्यानं आयुष्य वाढतं, असा नाही. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे.

यंत्र नसेल तर खुर्ची पुरते. टेकू असलेली, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला लावायची, हात छातीवर दुमडायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. ही चाचणी ज्येष्ठांसाठी तयार झाली. साठ ते चौसष्ट वयोगटात पुरुषांना चौदापेक्षा आणि स्त्रियांना बारापेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद सरासरीहून कमी धरतात. मला ही चाचणी सर्वांत आवडते, कारण ती थेट जगण्याशी जोडलेली आहे. शौचालयातून उठणं, बसमधून उतरणं, नातवंडाला उचलायला वाकणं, सगळं याच मांड्यांवर चालतं. आणि हे सुधारायला वय आड येत नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या, अशक्त दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला होता. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

तोल बघायला एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं, पण भिंतीजवळ आणि सोबत कुणीतरी असताना. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण दर पाचात एकाला हे जमलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षांमध्ये त्या गटात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. अर्थात त्या गटाची तब्येत मुळातच जास्त बिघडलेली होती. पण पडण्याची भीती असलेल्या माणसाला तोलाचे व्यायाम द्यायला एवढी खूण पुरेशी आहे.

लवचीकपणावर फार बोलणार नाही. बसून पायाचे अंगठे धरता येतात की नाही, याला शाळेपासून जरा जास्तच महत्त्व दिलं गेलंय. खांदा वर जाईना, मागे वळून बघता येईना, तर त्या सांध्याकडे लक्ष द्यावं.

वजनाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण सगळी गल्लत तिथेच होते. बीएमआयचं (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आडोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात समाजाची सरासरी समजण्यासाठी शोधलं होतं. समोर बसलेल्या एका व्यक्तीतला स्नायू आणि चरबी यांतला फरक ते सांगत नाही, आणि चरबी कुठे साठली आहे तेही नाही. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं. त्याहून साधा उपाय म्हणजे टेप. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा घेर ८० च्या आत. घेर मोजताना माणसाला आडोसा द्या, आकडा मोठ्यानं वाचू नका. ही बारीक गोष्ट वाटेल, पण चारचौघांत लाज वाटली म्हणून व्यायामाचं नावच टाकणारी माणसं कमी नाहीत.

आधी काही प्रश्न, मग स्टॉपवॉच

कुठल्याही चाचणीआधी काही गोष्टी विचारायलाच हव्यात. हृदयविकार आहे का? हालचाल करताना किंवा बसल्या जागी छातीत दुखतं का? चक्कर येते, शुद्ध हरपते का? रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू आहेत का? व्यायामानं वाढेल असं हाडांचं, सांध्यांचं दुखणं आहे का? कॅनडात १९७० च्या दशकात अशा सात प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही जगभर वापरतात. एकालाही ‘हो’ आलं, तर आधी डॉक्टरांशी बोलणं.

दुसरी खबरदारी नाडीच्या सूत्राबद्दल. ‘२२० वजा वय’ म्हणजे हृदयाचे कमाल ठोके, हे जिमच्या भिंतीवर हमखास दिसतं. साठ वर्षांच्या माणसाला ते १६० देतं. २००१ मध्ये मांडलेलं सुधारित सूत्र, २०८ वजा वयाचे सात दशांश, त्यालाच १६६ देतं. आणि कुठलंही सूत्र घेतलं तरी प्रत्यक्ष माणूस दहा-बारा ठोक्यांनी इकडे-तिकडे असणं अगदी सामान्य आहे. म्हणून घड्याळातल्या रंगीत पट्ट्यांपेक्षा बोलून बघणं बरं: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर व्यायाम मध्यम जोराचा, दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरदार. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठीच्या बीटा ब्लॉकरसारख्या गोळ्यांनी ठोके मुळातच दाबलेले असतात. अशांना तर हाच मार्ग.

आकडा सांगायचा कसा

समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंची चाचणी झाली. दिवसभर खुर्चीवरचं काम, संध्याकाळी घर. दम कमी भरला, घेर जास्त. ट्रेनर म्हणतो, ‘मॅडम, तुमचा स्कोअर फारच कमी आहे. रोज पाऊण तास चालायलाच पाहिजे, नाहीतर पुढे त्रास होईल.’ बाई म्हणतात, ‘अहो, वेळ कुठे असतो?’ ट्रेनर म्हणतो, ‘वेळ काढावा लागतो.’ बाई म्हणतात, ‘गुडघेही दुखतात माझे.’ एकजण बदलाची बाजू ओढतोय, म्हणून दुसरी आपोआप न बदलण्याची बाजू ओढतेय. आणि माणूस जी बाजू स्वतःच्या तोंडानं मांडतो, तीच त्याला पटत जाते. दहा मिनिटांत बाई न चालण्याची कारणं पाठ करून घरी जातात.

व्यसनमुक्तीचं काम करणारे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये याच्या उलट जाणारी संवादाची पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. तिच्यातला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ‘शून्य ते दहामध्ये सांगा, थोडं जास्त हलायला लागणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’ बाई म्हणतात, ‘चार.’ इथे ‘चारच का, आठ का नाही?’ असं विचारलं की परत सबबी सुरू. विचारायचं असं: ‘चार म्हणालात. एक किंवा दोन का नाही म्हणालात?’ आता बाईंना बदलाची कारणं स्वतः शोधावी लागतात. ‘आईला मधुमेह होता. मला तसं नको. आणि मुलीबरोबर गड चढायला गेले तर मध्येच बसावं लागलं.’ हे त्यांच्या तोंडून आलं. ट्रेनरनं आता आकडा त्याला जोडून द्यायचा: ‘आज तुमची क्षमता सात मेट भरली. चढ चढताना बसावं लागतं ते यामुळे. हा आकडा वाढतो. किती वाढवायचा, कुठून सुरुवात करायची, ते तुम्ही सांगा.’

सगळे एकाच टप्प्यावर नसतात, हेही ओळखावं लागतं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांनी धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाचे टप्पे मांडले: विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी, कृती, टिकवणं. माणसं इतक्या स्वच्छ खणांत बसत नाहीत, अशी टीका या मांडणीवर झाली आणि ती मला पटते. पण ज्याच्या मनात विषयच नाही, त्याच्या हातात आठवड्याचं वेळापत्रक देऊ नये, एवढं शहाणपण त्यातून नक्की घेता येतं. त्याला फक्त माहिती द्यावी, तीही परवानगी घेऊन, आणि दार उघडं ठेवावं.

छोटं, ठरलेलं, जमेल असं

‘मला हे जमेल’ हा विश्वास वागणुकीला फार मोठा आधार देतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. तो विश्वास सर्वांत जास्त येतो प्रत्यक्ष जमल्यातून. दुसऱ्याच्या समजावण्यातून खूप कमी. म्हणून पहिलं उद्दिष्ट मुद्दाम लहान ठेवायचं. इतकं लहान की वाईट दिवशीही होईल. मिलरांचाच शून्य ते दहाचा प्रश्न इथे वेगळा विचारायचा: ‘हे जमेल याची खात्री किती?’ उत्तर सातच्या खाली आलं, तर बेत कापायचा.

बेतामध्ये वेळ आणि जागा हवी. ‘या आठवड्यात व्यायाम करीन’ ही इच्छा झाली. ‘दुपारचं जेवण झालं की खाली उतरून दहा मिनिटं चालून येईन, आणि पाऊस असेल तर जिने चढेन’ हा बेत झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना व्यायामाचे फायदे पटवून दिले होते, तर काहींना त्यासोबत कुठे, कधी करणार तेही लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात फक्त पटलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी व्यायाम केला आणि लिहिणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी. हे विद्यार्थी होते आणि एकाच आठवड्यातल्या एका व्यायामाची गोष्ट होती. सगळीकडे फरक एवढा मोठा नसतो. तरी दोन ओळी लिहायला काय लागतं?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल त्यात धरत नसत. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट नाही. जिन्याची तीन मिनिटंही मोजायची. पूर्ण वेळ नाही म्हणून काहीच न करणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते, हे कुणाला सांगू नका. लंडनमधल्या ९६ जणांवरच्या, २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ लागले, कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज होता. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. बाविसाव्या दिवशीही कंटाळा येणारी कितीतरी माणसं स्वतःला आळशी ठरवून मोकळी होतात, केवळ त्या एकवीसच्या आकड्यापायी.

पुन्हा मोजताना

पुढची चाचणी आठ ते बारा आठवड्यांनी घ्यावी. त्याआधी फरक असला तरी रोजच्या चढ-उतारात बुडून जातो. दिवसाची तीच वेळ, तीच जागा, तेच बूट, आधी चहा-कॉफी नाही. उकाडा किंवा अपुरी झोप यांनीही नाडी वर जाते. आकडा जाहीर करण्याआधी हे विचारून घ्यावं.

आकडा हललाच नाही तर? हेही होतं. ‘हेरिटेज’ या मोठ्या कौटुंबिक अभ्यासात सगळ्यांना वीस आठवडे एकसारखा व्यायाम दिला होता. कुणाचा प्राणवायू वापर मिनिटाला एक लिटरनं वाढला, तर कुणाचा जवळजवळ नाहीच, आणि त्या फरकात आनुवंशिकतेचा मोठा हात होता. म्हणून एकाच मोजमापावर सगळं टांगू नये. दम वाढला नसेल तर खुर्चीची चाचणी बघा, पोटाचा घेर बघा, विश्रांतीची नाडी बघा, झोप कशी लागते ते विचारा. सगळंच जागच्या जागी असेल तर व्यायामाचा जोर किंवा वेळ थोडा वाढवून बघायचा. आणि वय साठच्या पुढे असेल, तर तोच आकडा दोन वर्षांनी पुन्हा आला, हे त्या माणसाला अभिनंदन करून सांगावं: तिशीनंतर दमाची क्षमता दर दहा वर्षांना साधारण १० टक्क्यांनी उतरते, सत्तरीनंतर त्याहूनही वेगानं, आणि त्यांची उतरलेली नाही.